टाकीच्या तोंडाला विभूती

आमची जीप बंद पडायची ती सुद्धा रीत सांभाळून. चढावर नाही, उतारावर नाही, वळसंगात तर कधीच नाही. वळसंगातून अशी सुटायची की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा आता दिल्लीलाच जाऊन थांबतोय. मग सोलापूरच्या वाटेवरची कुंभारी जवळ आली की दमलेल्या बैलासारखी हळूच मान टाकायची. एकदा मागून आलेली म्हैस आम्हाला ओलांडून गेली, थोडं पुढं जाऊन थांबली, वळून बघितलं आणि मानेनं खूण केली, या, बसा पाठीवर. हे मी रत्नम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बसला का न्हाई? येळंवर तरी पोचलो असतो."

रत्नम्मा माझी बायको. तिच्या दोन्ही किडन्या थकल्यात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापूरच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागतं. मशीनं थोडी, माणसं ढीगभर, आणि ज्याची त्याची वेळ ठरलेली. आपल्याला उशीर झाला तर तेवढी आपली वेळ कापली जाते, मागच्याची पाळी काही थांबत नाही. वेळ कापली की तिच्या अंगात पाणी साठतं, पाय खांबासारखे होतात, बसल्या जागी धाप लागते. एसटीत उभं राहणं तिच्यानं होत नाही, गावातल्या गाडीवाल्यांना लग्नाचं भाडं आधी आणि म्हातारी नंतर. म्हणून ही पेट्रोलची जुनी जीप. माझ्यापेक्षा थोडी लहान, एवढंच.

काय काय बदललं नाही मी तिचं. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप बदलला. कारबोरेटर इतक्यांदा खोलला की पुढं पुढं लांबून पाना दिसला तरी तो आपणहून नट ढिले करायचा. अक्कलकोट रस्त्यावर प्रभु फिटर आहे, त्याच्याकडे मी इतका जायचो की त्याच्या कुत्र्यानं माझ्यावर भुंकणं सोडलं. पेट्रोलचा काटा मेलेला, म्हणून प्रभु पहिल्यांदा टाकीचं झाकण काढून काठी बुडवायचा. "पेट्रोल तर हाय की अण्णा," म्हणायचा. मग काहीतरी खोलून, फुंकर मारून परत लावायचा आणि एक लांब चक्कर मारून यायचा. जीप शहाण्या सुनेसारखी वागायची.

"काय झालंय हिला? माझ्यापेक्षा ठणठणीत हाय."

"कुंभारीजवळ बंद पडती."

"मग कुंभारीला जाऊ नका."

"घरी कसं जायचं मग?"

"हितंच ऱ्हावा की. वरची खोली रिकामी हाय. भाडं तेवढं देत जावा."

असं हसून आम्ही निघायचो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा कुंभारी.

बंद पडली की रत्नम्मा खाली उतरायची. कनवटीची विभूतीची वडी काढायची, बाटलीतल्या पाण्यात बोट भिजवून टाकीच्या झाकणावर तीन बोटं ओढायची आणि परत येऊन बसायची. मी एखादी थाप सुरू करायचो, तेवढंच माझ्या हातात होतं. चिमणीनं घरट्यासाठी प्लग पळवला ती, सोलापूरच्या उन्हात विहिरीतले मासे तळलेलेच वर आले ती. थाप संपता संपता स्टार्टर मारला की गाडी चालू. रत्नम्मा माझ्याकडे बघायची देखील नाही. तिचं काम झालेलं असायचं.

विभूतीची ही सवय तिला माहेरची. कणगीत ज्वारी भरली की वरचं तोंड लिंपून घ्यायचं आणि त्यावर विभूती ओढायची, त्यांच्या घरची ही रीत. भरलेल्याचं तोंड उघडं ठेवू नये, बरकत जाते. जीपची टाकी तिच्या हिशेबी कणगीच. पेट्रोल भरलं की पंपावरच ती झाकण ओल्या विभूतीनं पुसून घ्यायची, कडेनं नीट, पोळीच्या कडा दाबाव्यात तशी. आणि एकदा लिंपलेलं तोंड वाटेत उगाच उघडायचं नाही, हा नेम मीही पाळत होतो. पेट्रोल कालच भरलंय हे ठाऊक असताना मी तरी कशाला उघडू?

त्या मंगळवारी ती घरातूनच धापत होती. आधीच्या शुक्रवारची अर्धी वेळ गाडीनं खाल्लेली. कुंभारीच्या अलीकडे जीपनं मान टाकली. मी विभूती लावली, कारण रत्नम्माच्यानं उतरवत नव्हतं. विहिरीतल्या माशांची गोष्ट काढली, ती संपली. स्टार्टर मारला, गाडी नुसती कुरकुरली. चिमणीची काढली. बॅटरी दमत चालली. रस्त्यानं ट्रक जात होते. हात केला तर एक थांबला, पण त्याच्या पायरीवर पाय ठेवायलाही तिला उचलून घ्यावं लागलं असतं, आणि वर बसवली तरी तिथं तिला श्वास घेता येईल का, हेच मला कळेना. ट्रकवाला निघून गेला.

रत्नम्मा डोळे मिटून म्हणाली, "वरनं लावून भागंना आता. पोटात घाला."

"काय घालू?"

"चिमूटभर विभूती. टाकीत. आजाऱ्याला पोटातनं देत्यात तसं."

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून मी गेलो. झाकण फिरवलं तर ते हलेना, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा फुस्स करून मोठा आवाज झाला आणि टाकीनं हवा आत ओढून घेतली. तळहातावर झाकण घेऊन मी उभा राहिलो. त्याला मधोमध एक बारीक भोक असतं, हवा आत जायला. ते भोक मला दिसेना. तिथं वर्षानुवर्षांची विभूती बसून दगड झालेली होती. पेट्रोल कमी होत जाणार, आत हवा येणार नाही, टाकी आतल्या आत आवळत जाणार आणि कुंभारीजवळ पेट्रोल पुढं सरकायचं थांबणार. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपायची आणि गाडी चालू. प्रभु दर वेळी आधी झाकण काढायचा, म्हणून त्याच्या दारात हिचं दुखणं कधी दिसलंच नाही.

"घातली का?" आतून रत्नम्मानं विचारलं.

"घातली," मी म्हणालो. घातली नव्हती. स्टार्टर मारला, गाडी एका दमात चालू झाली.

"बघा," ती म्हणाली.

दवाखान्यात हेमावती सिस्टरनं घड्याळ दाखवलं. चारच्या जागी दोन तास मिळाले. "अण्णा, असं अर्धं अर्धं करून चालणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी छातीत गेलं तर मी काही करू शकणार नाही." तिकडे मशीनला जोडलेली रत्नम्मा शेजारच्या बाईला गाडीच्या पोटात विभूती घालायचा उपाय सांगत होती.

परतताना मी तिला सगळं खरं सांगितलं. झाकण दाखवलं, सुईनं मोकळं केलेलं भोक दाखवलं. आयुष्यात इतकं सरळ मी कधी बोललो नसेन. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हैस पाठीवर बसा म्हणाली," ती म्हणाली. "चिमणीनं प्लग नेला. आता विभूतीनं गाडी बंद पाडली. साकु. बास करा."

"अगं, हे खरं हाय."

"मासे पण खरेच व्हते की."

मी जीप प्रभुच्या दारात उभी केली. म्हटलं साक्षीदार तरी मिळेल. त्यानं झाकण बघितलं, कपाळाला हात लावला आणि खिडकीशी येऊन तिला समजावलं. "अक्का, अण्णा खरं बोलत्यात. झाकणाला कायबी लावू नका. आत तर अजाबात नको, राख जाऊन कारबोरेटरात बसंल."

"तू किती येळा खोललीस रं ही गाडी?"

प्रभु बोटं मोजायला लागला.

"चालली का?"

"न्हाई."

"मी चिमूट सांगितली आन् चालली. आता तू सांग, कुणाचं ऐकू?"

प्रभुनं पाना उचलला. मग त्यानं पेट्रोलच्या नळीत एक बारीक जाळी बसवून दिली. "राख धरंल काही दिवस," म्हणाला. "किती दिवस?" विचारलं तर म्हणाला, "ते अक्कांच्या चिमटीवर हाय."

शुक्रवारी पहाटे ती माझ्या आधी जीपपाशी जाऊन उभी. एका हातानं बॉनेट धरलेलं, दुसऱ्या हाताच्या चिमटीत विभूती. मी आदल्या रात्रीच टाकीच्या तोंडात चिंधी कोंबून ठेवली होती. तिनं ती बाहेर ओढली, "कुणी घाण केली ही," म्हणाली आणि तिलाच हात पुसले.

"रत्नम्मा, गाडी वाटेत अडकंल. तुझी येळ जाईल."

"मशीन त्यांचं. सुया त्यांच्या. माझं रगात पण त्यांच्याच नळीतनं फिरतंय," ती धापा टाकत म्हणाली. "एवढं तरी माझ्या हातचं ऱ्हाऊ द्या की."

मी बाजूला झालो. तिनं चिमूट आत सोडली, शिवाचं नाव घेतलं, आणि झाकण लावायला माझ्याकडे दिलं.

जीप निघाली. वळसंग मागं पडलं. तिनं डोकं सीटला टेकवलं, पाय पुन्हा सुजलेले दिसत होते. कुंभारीच्या अलीकडे इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा लागलं. माझा पाय पेडलवर नुसता ठेवलेला, दाबावा की सोडावा कळेना.

"आज गप का?" तिनं डोळे न उघडता विचारलं. "सांगा की कायतरी."

"एकदा काय झालं," मी म्हणालो, आणि कान इंजिनाकडे ठेवून, दुधनीच्या बाजारात एका बोकडानं स्वतःलाच विकत घेतल्याची गोष्ट सुरू केली.