एकोणतीन

परवा दिवेलागणीला आई खेळता खेळता कोसळली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. बाबांनी तिला उचललं, शेजारच्या मावशींनी रस्त्यात जाऊन गाडी थांबवली. दार उघडंच राहिलं. रात्री मावशींनी जमिनीवरची बटणं गोळा करून माझ्यात भरली.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कारखान्यात माझ्यावर फुलं छापली. आतली बिस्किटं संपल्यावर मी शिंप्याच्या घरी सुट्या, जोडी नसलेल्या बटणांसाठी राहिलो. अनेक वर्षं मला कोणी विचारलं नाही. कुणाच्या शर्टाचं बटण तुटलं, की तेवढी माझी आठवण व्हायची.

मग शिंप्याची मुलगी मुंगी बोलू लागली आणि माझे दिवस पालटले. भाजी निवडता निवडता आई मला जमिनीवर पालथा करायची. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. खडबडीत कोणतं, ते डोळे मिटून सांग. हा अभ्यास आहे, हे मुंगीला कधी कळलंच नाही. शेवटी माझ्यातली तीसच्या तीस बटणं मांडायची आणि एक आईने मुठीत लपवायचं.

"तीस व्हायला एक कमी, म्हणजे?"

"एकोणतीस!"

मग लपवलेलं कोणतं, ते मुंगीने ओळखायचं. ओळखल्याशिवाय मूठ उघडायची नाही, हा नियम.

परवापासून माझं झाकण बंद होतं. बाबा मशीनवर बसायचे. सुई चालायची, खाली कापड नसायचं.

काल मावशींनी दारातून विचारलं, "मुंगे, किती जणांचं जेवण पाठवू गं?"

"एकोणतीन."

"हा कुठला आकडा काढलास, शहाणे?"

"तीन व्हायला एक कमी."

"मग दोन म्हण की."

"दोन म्हटलं की आई मोजलीच जात नाही."

मावशी वळल्या. बाबांचं मशीन थांबलं. त्यांनी कात्रीच्या टोकाने माझं झाकण काढलं, मला पालथं केलं आणि बटणं वेगळी करायला घेतली.

"हे शर्टाचं, हे कोटाचं..."

"बाबा, असं नसतं! भोकं मोजायची असतात."

"बरं बाई, शिकव."

आज सकाळी दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला, बाबांनी तो स्पीकरवर ठेवला. आई शुद्धीवर आलेली नाही.

"हात पुसायचा होता, पण मूठ घट्ट आहे. आत काही आहे का हो?"

"बटण," बाबा म्हणाले.

"काढून ठेवू का?"

बाबांनी मुंगीकडे पाहिलं. ती बटणांवरून बोट फिरवत होती.

"नको ना. मी अजून ओळखलं नाही."

मित्रांनो, घरातला जुना डबा कोपऱ्यात टाकू नका. मुलांपुढे पालथा करा आणि शेजारी बसा. नुसतं पडून राहिलं की पत्र्याला गंज चढतो.

हे सांगेपर्यंत बटणं जमिनीवरच आहेत, एकोणतीस. माझं झाकण उघडं आहे. मूठ उघडल्याचं अजून कळलेलं नाही.