शालूची माफी

हडपसरची ती सोसायटी उभी राहिली त्या जागी शालूच्या आज्याचा ऊस होता. तिच्या बापानं, बजरंगनं, जमीन बिल्डरला दिली आणि मागच्या इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं. दिव्यांचं, वायरिंगचं सगळं काम त्यानं आपल्या मेव्हण्याला, सर्जेरावाला मिळवून दिलं. तरी वरच्या मजल्यांवरचे लोक त्या घराला गाववालेच म्हणत. शालू अकरा वर्षांची होती.

एका संध्याकाळी बागेत गेलेला बॉल आणताना तिचा हात तिथल्या दिव्याच्या खांबाला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिनं घरी जाऊन बापाला सांगितलं, "दादा, खांबाला करंट हाय."

"मामानं बशिवलाय त्यो खांब," बजरंग म्हणाला. "बाहेर कुटं बोलू नगंस."

शालूला राहवेना. ती सोसायटीच्या अध्यक्षांकडे, श्यामसुंदरांकडे गेली. ते नारायण पेठेतलं जुनं बिऱ्हाड सोडून निवृत्तीनंतर इथे राहायला आले होते. मुलांचा बॉल फुलझाडांत जातो म्हणून त्यांनी चारच दिवसांपूर्वी बागेत खेळायला बंदी केली होती. शालूचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अस्सं. म्हणजे आम्ही बाग बंद केली आणि खांबाला लगेच राग आला. या आता."

मग शालूनं एका पुठ्ठ्यावर 'हात लावू नये, शॉक बसतो' असं लिहून तो खांबाला सुतळीनं बांधला. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक फ्लॅट बघायला आलं आणि पुठ्ठा वाचून परत गेलं.

रविवारी सोसायटीची सभा भरली. श्यामसुंदरांनी शालूला पुढे उभं केलं.

"बजरंगराव, आपली मुलगी अफवा पसरवते. आपण काय करणार आहात, ते सर्वांना कळू द्या."

बजरंग उठला आणि त्यानं सगळ्यांसमोर शालूच्या मुस्काटात मारली. इतक्या जोरात की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. दुसऱ्या मजल्यावरची नीरजा तिथेच बसली होती. तिचा सहा वर्षांचा दिगू रोज शालूच्या मागे मागे असायचा. नीरजा मोबाइल बघत राहिली.

"म्हण," बजरंग म्हणाला. "म्या खोटं बोलले म्हण."

"मी खोटं बोलले. परत बोलणार नाही."

"छान," श्यामसुंदर म्हणाले. "वळण वेळीच लागलं. आता चहा घेऊ या."

मुलांच्या आयांनी बरीच भुणभुण केल्यावर बाग पुन्हा उघडली. मुलं लपाछपी खेळत होती आणि राज्य दिगूवर होतं. माळी गेनबा पाइपानं झाडांना पाणी घालत होता, हिरवळीवर पाणी साचलं होतं. दिगू चपला काढून खांबाकडे निघाला.

"तिथं नको, भिंतीपाशी उभा राहा," शालू म्हणाली.

"का?"

"शॉक बसतो."

"पण तू खोटं बोलली होतीस ना? आई म्हणाली, तू ते बनवून सांगितलंस."

करंट आहे म्हणावं तर घरी मार बसणार, नाही म्हणावं तर ते खरं नाही. "भिंतीपाशीच," एवढंच म्हणून ती पळाली आणि गाड्यांच्या मागे जाऊन बसली. दिगू मोठ्यानं आकडे म्हणत होता. पाच झाले, सहा झाले, सात झाले. आठ काही आलं नाही. तो चिडवतोय असं वाटून ती हसत होती. मग गेनबाचं ओरडणं कानांवर आलं.

दवाखान्यात पोचण्याआधीच दिगू गेला होता.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर पहिल्यांदाच बजरंगच्या घरी आले. त्यांनी शालूला शेजारी बसवून घेतलं.

"बाळ, पोलीस विचारतील. तू आधी काही सांगितलं होतंस, असं काही बोलायचं नाही."

"पण मी सांगितलं होतं, आजोबा."

"ते खोटं होतं, असं तूच पन्नास माणसांसमोर म्हणालीस. आता त्यातलं कुठलं खरं धरायचं?"

बजरंग दारात उभा होता. "मामा आत जाईल," तो म्हणाला. "मामीच्या पोटात पोर हाय. ध्यानात ठेव."

फौजदार आला तेव्हा नीरजा शालूपुढे गुडघ्यांवर बसली. दोन दिवसांत तिचा चेहरा म्हाताऱ्या बाईसारखा झाला होता.

"सभेत मी होते, शालू. मी सांगते तर म्हणतात, बाईचं डोकं फिरलंय. बाकी कुणाला काही आठवत नाही. तू सांग. एकदा सांग."

शालूनं बापाकडे पाहिलं. त्याचा हात नुसता बाजूला लोंबत होता, तरी तिचा गाल तापला.

"मी काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

नीरजा उठली. तिनं शालूच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ते शालूला मारापेक्षाही जड गेलं. महिन्याभरात नीरजानं घर सोडलं.

खांबाला पाणी लागलं, ते गेनबानं लावलं, म्हणून हलगर्जीपणा गेनबाचा ठरला. त्याला धरून नेलं. त्याची बायको तुळजाबाई इथेच दोन घरी पोळ्या करायची, तिलाही लोकांनी येऊ नको म्हणून सांगितलं. सर्जेरावानं येऊन खांबाची वायर बदलली.

त्यानंतर सोसायटीतली मुलं फार शहाणी झाली. मोठ्यांना काही सांगेनाशी झाली. आया एकमेकींना म्हणायच्या, हल्ली किती शांत झालीत नाही?

थंडीच्या दिवसांत एका दुपारी शालू शिकवणीहून परत येत होती. पुढच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या कपाटाच्या फटीतून काळा धूर निघत होता. तिथेच मुलं पत्ते खेळत होती. त्यांनी धूर पाहिला, पत्ते उचलले आणि पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसली. शालूही थोडी थांबली, बघितलं, आणि घरी गेली. आईनं वाढलेला भात ती जेवली.

कपाट पेटलं आणि वीज गेली. श्यामसुंदरांची बायको मंदाकिनी तेव्हा लिफ्टमध्ये होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि जिन्यातला धूर तिच्यात भरला. दार फोडून बाहेर काढलं तेव्हा मंदाकिनीबाई गेल्या होत्या.

श्यामसुंदर खाली खुर्चीवर बसून होते. एका पायात चप्पल नव्हती. मुलं लांब घोळका करून उभी होती.

"तुम्ही इथेच खेळत होतात," ते म्हणाले. "कुणालाच धूर दिसला नाही? एकालाही?"

शालू मुलांच्या मागे उभी होती.

"दिसला होता, आजोबा," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यांचा आवाज फाटला होता. शालूनं खरोखरच विचार केला. तेव्हा तिला भीती वाटली नव्हती. रागही आला नव्हता. असं काही दिसलं की मोठ्यांना सांगायचं असतं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

तेवढ्यात बजरंग गर्दीतून पुढे आला. त्यानं तिचं मनगट धरलं.

"तिनं काय बी बघितलं नाय, सायेब. पोरगी हाय, उगं बोलती."

श्यामसुंदरांनी मान वर करून दोघांकडे पाहिलं. बजरंग शालूला ओढत घराकडे घेऊन गेला आणि तीही त्याच्यामागे चालत राहिली.