मुठी बदलून पाहिल्या

माझ्या उजव्या हाताची करंगळी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बधिर झाली. सायकल पार्किंगमध्ये लावून वर आलो, कुलूप उघडायला किल्ली धरली, आणि करंगळी नेमकी कुठे आहे हे मला डोळ्यांनी बघून खात्री करून घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी शेजारचं बोटही तिच्या संगतीला गेलं.

डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. तळहातातून एक शीर जाते, ती हँडलवर दाबली जातेय म्हणाले. "दोन महिने बघू, केशवराव. ग्रिप बदला, हातमोजे घाला, काय करायचं ते करा. फरक पडला नाही तर सायकल बंद. सरळ चालायला जा."

"चालायला जा" हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू त्यात काही बिघडत नाही. माझं बरंच बिघडत होतं.

विहंग, माझा मुलगा, चार वर्षं जर्मनीत आहे. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. चंद्रिका, म्हणजे माझी बायको, त्याच्याशी तासभर बोलते आणि शेवटी फोन माझ्याकडे देते. मग मी विचारायचो, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो." मी विचारायचो, "थंडी आहे का?" तो म्हणायचा, "आहे." मग आम्ही दोघं एकमेकांकडे थोडा वेळ बघत बसायचो आणि फोन परत आईकडे जायचा. एकतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला गप्पा मारता येत नाहीत, त्याला मोजता येतं. पण फेब्रुवारीत माझी साखर वाढली आणि विहंगची हायब्रिड सायकल मी बाल्कनीतून खाली काढली. त्या रविवारी तो माझ्याशी चाळीस मिनिटं बोलला. किती किलोमीटर, कुठला गिअर, वराळ्याच्या चढाला दम लागला का, टायरमध्ये हवा किती. मुलाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीतरी आहे, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तर ही सायकल मला बंद करायची नव्हती. चालण्याविषयी मुलाशी काय बोलणार? डावा पाय टाकला, मग उजवा टाकला?

मी तळेगाव स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकान गौरवचं. पोरगा हुशार आहे, पण त्याला प्रश्न विचारला की तो उत्तराऐवजी पर्याय देतो. त्याने काउंटरवर ग्रिपच मांडल्या. गोल रबरी, स्पंजाच्या, कॉर्कच्या, आणि एक जोड अशी की तिला बाहेरच्या बाजूला तळहात टेकवायला रुंद पंख फुटलेले.

"यातली चांगली कुठली?" मी विचारलं.

"ते हातावर असतं, काका."

"माझा हात हा इथे आहे. बघ आणि सांग."

"तसं नसतं, काका. कुणाला मऊ सूट होते, कुणाला कडक. मऊ घेतली तर हात रुततो, कडक घेतली तर दणके बसतात." मग तो सायकलकडे वळला. "पण काका, ही सीट जरा..."

"सीटला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ग्रिपचं बोल."

सीटचं सांगायला हवं. विहंग जाताना सीटच्या दांड्यावर, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथेच, लाल टेप गुंडाळून गेला होता. "बाबा, सर्व्हिसिंगवाले सीट हलवतात. ही माझी खूण. डिसेंबरमध्ये आलो की मला अशीच पाहिजे." त्यानंतर चार डिसेंबर झाले. एकदा दहा दिवसांसाठी आला, त्यात सायकल काढायला सवड झाली नाही. पण खूण ती खूण. आमच्या स्टोअरमध्ये दुसऱ्याने लावलेलं लेबल विचारल्याशिवाय कोणी काढलं, तर मी त्याला दारात उभं करायचो नाही. विहंग सहा फुटांचा आहे आणि मी पाच फूट चार इंच, त्यामुळे सायकलवर चढायला मला पार्किंगचा कट्टा लागायचा. तेवढं चालतं.

पंखवाल्या ग्रिप घेतल्या. चार दिवसांनी मुंग्या करंगळीतून निघून मनगटापर्यंत आल्या. रविवारी विहंगला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पंखाचा कोन चुकला असेल. जरा खाली फिरवा." फिरवला. मुंग्या परत करंगळीत. मग तो म्हणाला, थोडा वर. आमचा तो अख्खा कॉल पंखाच्या कोनावर झाला आणि पन्नास मिनिटं चालला.

मग मी इंटरनेटवर बसलो. तिथे एक गृहस्थ म्हणे, ग्रिप जाड हवी. दुसरा म्हणे, जाड ग्रिपमुळेच हात बधिर होतात. तिसऱ्याने लिहिलं होतं, ग्रिप कुठलीही चालेल, हाताची जागा बदलत राहिली पाहिजे आणि त्यासाठी बार एंड लावा. हे बार एंड म्हणजे हँडलच्या दोन टोकांना लावायचे आखूड दांडे. चढाला त्यांना धरायचं, सपाटीला पुन्हा ग्रिप धरायची. मी तिन्ही मतं कागदावर शेजारी शेजारी लिहिली, कारखान्यात तीन कोटेशनं मांडायचो तशी. तरी काही कळेना. तिथे निदान बोल्ट हा बोल्ट असायचा.

बार एंड लावले. कुठल्या कोनात लावायचे यावर गौरवचं एक मत, विहंगचं दुसरं. मी मधलं काढलं आणि सरळ वर उभे केले.

चंद्रिका पार्किंगमध्ये आली, बघून हसायलाच लागली. "आता घुंगरमाळ तेवढी राहिली."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतंय की तीन जोड ग्रिप झाल्या, हातमोजे झाले, शिंगं झाली आणि बोटं तशीच आहेत. काल भाजीची पिशवी सोडलीस हातातून."

पिशवी सोडली हे खरं होतं. मे संपत आला होता, डॉक्टरांचे दोन महिने संपायला पंधरा दिवस उरले होते, आणि मला धड काहीच समजत नव्हतं. विहंग मात्र दर रविवारी उत्साहाने नवा फोटो पाठवत होता. आता कॉर्कच्या बघा. आता सिलिकॉनच्या बघा. एकदा मात्र मी सायकलचा फोटो पाठवल्यावर तो मधेच गप्प झाला. "काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "काही नाही बाबा, हातमोज्यांचा नंबर बघत होतो."

माझा रोजचा रस्ता तळेगावहून वराळे आणि पुढे आंबी. आंबीत कंपन्यांचे ट्रक आणि भाताची खाचरं शेजारी शेजारी आहेत. तिथल्या एका वळणावर गोठ्यासमोरच्या बाजेवर गेणूआबा बसलेले असतात. वय ऐंशीच्या आसपास. नाव गावातल्यांकडून ऐकलेलं; मी हात करायचो, ते मान हलवायचे, एवढीच ओळख. त्या दिवशी मात्र त्यांनी हाक मारली.

"ओ सायकलवालं! थांबा की जरा."

मी थांबलो. म्हणजे दगडावर पाय टेकवून लोंबकळलो.

"रोज बगतोय. ह्या वळनाला आलासा की हात झटकताय. इंचू चावतोय काय?"

"मुंग्या येतात, आबा. ग्रिप... ही मूठ बरोबर मिळत नाहीये."

आबा उठले. त्यांनी पंखवाली मूठ दाबून पाहिली. बार एंडला हात लावून "शिंगं झ्याक हायत" म्हणाले. मग सायकलपासून चार पावलं मागे गेले आणि मला म्हणाले, "बसून दावा. बसल्यावर हालू नका."

मी एक पाय दगडावर ठेवून बसलो. ते बाजूने बघत राहिले. गिऱ्हाईक म्हैस बघतं तसं बघत होते, मला जरा रागच आला.

"मुटीचा काय दोस न्हाई," ते म्हणाले. "गाडी पुडं जड झालीया."

"यात काही सामान नाही, आबा."

"तुमीच सामान. आमच्या टायमाला बैलगाडीत माल भरताना बगावं लागायचं. पुडं लय भरला की समदं वजं बैलाच्या मानंवर. मंग बैल मान झटकायचा. तवा आमी काय बैलाची मान बदलत न्हवतो. माल मागं सारायचो." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ही बैठक लय उच्ची हाय. तुमी पार पुडं लवंडलाय, समदा भार हातावर. ही बैठक कुनाची हाय?"

"मुलाची."

"उच्चा हाय व्हय त्यो?"

"सहा फूट."

"हाय कुटं?"

"जर्मनीत."

आबांनी सीटच्या दांड्याला बोट लावलं. "मंग त्याच्या जाग्यावर तुमी कशापायी लोंबकळताय?"

"बरं, येतो," एवढं म्हटलं आणि तिथून निघालो. संबंध रस्ताभर मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. बैलगाडीचा आणि सायकलचा काय संबंध, असं स्वतःला चारदा तरी बजावलं. वराळ्यापाशी हात झटकला आणि आणखीच चिडलो.

घरी चंद्रिकेला सांगितलं, आबा किती आगाऊ आहेत ते कळावं म्हणून. ती भाजी निवडत होती, हात थांबवून म्हणाली, "बरोबरच बोलले की ते. घे खाली सीट. तो आला की परत वर घे. दांडा काय वितळणार आहे?"

"ते एवढं सोपं नाहीये."

ते खरंच सोपं नव्हतं, आणि का नव्हतं ते पार्किंगमध्ये उकिडवं बसल्यावर मला नीट दिसलं. दांडा खाली सरकवायचा तर टेपवाला भाग फ्रेमच्या नळीत जाणार. नळी इतकी घट्ट की टेप आत जाणारच नाही. म्हणजे सीट खाली घ्यायची तर खूण सोलून काढावी लागणार. मी बराच वेळ बसून होतो. चार वर्षं विहंगची खोली आम्ही झाडतो, पुसतो, त्यात पाहुणे झोपवतो, चंद्रिकेने तिथे शिलाई मशीनसुद्धा ठेवलंय. त्यातल्या कशाचंच मला काही वाटलं नव्हतं. त्या दोन बोटं रुंद टेपचं मात्र वाटत होतं. ती काढली की तो डिसेंबरमध्ये येणार नाही, असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात बसलं होतं.

शेवटी वर जाऊन मोजपट्टी आणली. खुणेपासून सीटपर्यंतचं माप घेतलं, वहीत लिहिलं, तारीख घातली. मग नखाने टेप सोलली. टेपखालची दांड्याची पट्टी चकचकीत निघाली, अगदी नवीकोरी. सीट चार बोटं खाली घेतली, तिचं पुढे झुकलेलं नाक सरळ केलं. सायकलवर बसलो तर कट्टा लागला नाही.

दहा दिवसांत करंगळी परत आली. डॉक्टरांनी चिमटा काढला, मी "आई गं" म्हटलं, ते खूश झाले. पण विहंगला काही सांगितलं नाही. मधल्या रविवारी त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आहेत अजून थोड्या मुंग्या." त्याने कॉर्कच्या ग्रिपचे तीन फोटो पाठवले. आम्ही पाऊण तास बोललो, आणि मला माझीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी पहाटे निघालो आणि जुन्या हायवेने, कामशेत, मळवली मागे टाकत, थेट लोणावळ्याला पोचलो. विहंग कॉलेजात असताना दर रविवारी लोणावळ्याला यायचा आणि मी दर रविवारी त्याला ओरडायचो. पाऊस यंदा लांबला होता, पण राजमाचीच्या बाजूला ढग उतरले होते. सायकल कठड्याला टेकवली, चहा घेतला आणि मीच त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडचे सकाळचे सात वाजले असतील. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"बाबा? सगळं ठीक ना?"

"लोणावळ्यात आहे," मी म्हटलं आणि फोन फिरवून त्याला सायकल दाखवली.

तो खूप ओरडेल, हसेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी फोन परत स्वतःकडे वळवला.

"सीट खाली घेतलीत," तो म्हणाला.

"हो." "खूण काढावी लागली. पण माप लिहून ठेवलंय, तारखेसकट. तू आलास की पाच मिनिटांचं काम आहे."

"बाबा, मला मागेच कळलं होतं. त्या फोटोत दिसत होतं, टेप जागेवर होती. एवढ्या उंचीवर तुमचे हात दुखणारच."

"मग बोलला का नाहीस?" मी तिथे, रस्त्यावर, जोरात विचारलं. चहावाला बघायला लागला. "दोन महिने मला ग्रिपच्या मागे पळवलंस!"

तो डोळे चोळत होता. झोपेमुळे की कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. "खाली घ्या म्हटलं असतं तर... म्हणजे मी येत नाहीये, असं सांगितल्यासारखं झालं असतं ना? ते मला सांगता येईना. म्हणून ग्रिप पाठवत राहिलो." मग म्हणाला, "मी इथे सायकल घेतलीय, बाबा. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. मी कठड्यावर बसलो. एक ट्रक गेला, दुसरा गेला. रागवावं की रडावं हे मला ठरवता येत नव्हतं, आणि समोर तो गुन्हेगारासारखा उशीला टेकून बसला होता. त्याच्या कानशिलाला दोन पांढरे केस दिसले.

"ग्रिप कसल्या आहेत?" मी विचारलं.

"काय?"

"तुझ्या सायकलला. ग्रिप कसल्या आहेत?"

"कंपनीच्याच आहेत. गोल, रबरी."

"हाताला मुंग्या येतात?"

तो जरा हसला. "येतात थोड्या."

"मग ऊठ," मी म्हटलं. "तोंड धू आणि फोन घेऊन खाली जा. आधी मला सीट दाखव."