वजनाला मुंगी

नवीन बसवलेलं चाक रिकाम्या बॅगेवर कधी तपासू नये. रिकामी बॅग कशीही पळते. आत चांगलं दणदणीत वजन टाकायचं, चढावर ओढायची, उतारावर सोडायची आणि कान चाकाकडे ठेवायचा. हा मामाचा नियम. त्यासाठी दुकानात विटा ठेवलेल्या होत्या. या उन्हाळ्यात विटांची नोकरी गेली आणि त्यांच्या जागी मुंगी लागली.

मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. पहिली संपवून बसलीय. पुढचा एक दात तेव्हा हलत होता, आणि दिवसभर जिभेने त्याला ढकलत बसणं हा तिचा उद्योग. तिच्या वरचा भोंगा. त्याला हे नाव का पडलं ते त्याने तोंड उघडलं की कळतं. मी सगळ्यात मोठी. शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर घरात दोन पक्ष आहेत. झालं एवढंच की बाई सगळ्या वर्गासमोर माझ्या उसवलेल्या दप्तरावरून काहीतरी बोलल्या, आणि ते दप्तर मी त्यांच्या टेबलावर आपटलं. शाईची बाटली मध्ये आली हा माझा दोष नाही. आता मामाच्या दुकानात दिवसभर लोकांची दप्तरं शिवते.

आम्ही तिघं मामाकडेच राहतो, दुकानाच्या मागच्या खोलीत. बाबांचा विषय आमच्याकडे निघत नाही. आई दुसऱ्या गावी एका म्हातारीला सांभाळते. समुद्राचं गाव आहे. झोपायचं, उठायचं सगळं तिथेच. उन्हाळ्यात मात्र ती यायची, असं ठरलेलं होतं, आणि मुंगीने तर हिवाळ्यापासून सगळं ‘आई आल्यावर’ या डब्यात भरून ठेवलं होतं. चित्र आई आल्यावर दाखवायचं. शिट्टी आई आल्यावर वाजवायची. दात पडला तर तोही काडेपेटीत ठेवायचा आणि आई आल्यावर तिच्या हातात द्यायचा.

शाळांना सुट्टी लागली त्याच आठवड्यात आईचा फोन आला. म्हातारी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता तिला सोडून निघणं शक्य नाही. मी फोन घेऊन दुकानामागे गेले होते, जिथे मेलेल्या बॅगांचा ढीग आहे. आई म्हणाली, “पोरांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांची सुट्टी तरी नासायला नको.”

म्हणजे नासायची ती माझीच. असं बोलावंसं वाटलं होतं, पण तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून नुसतं बरं म्हटलं. ढिगातल्या एका बॅगेला लाथ मारली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

आता सुट्टी न नासू देणं हे काम माझ्या अंगावर पडलं. पोहायच्या तलावाला तिकीट, बागेतल्या झोक्यांनासुद्धा तिकीट. फुकट होतं ते फक्त ऊन. आणि दुकानात तर दर माणूस कुठेतरी निघालेला. हिला चेन बसवून हवी, त्याला हँडल, सगळ्यांना कालच. भोंगा दारात बसून प्रत्येकाला विचारायचा, कुठे चाललात. कुणी डोंगर सांगायचं, कुणी आजोळ सांगायचं, आणि तो ते असं ऐकायचा की जणू शेजारच्या घरातला स्वयंपाक हुंगतोय.

एकदा विटा उचलायचा कंटाळा आला म्हणून मी मुंगीला एका बॅगेवर बसवलं आणि पाण्याच्या टाकीपर्यंतच्या चढावर ओढत नेलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी अशी पोटातून हसली. झालं, त्या दिवसापासून त्याला आम्ही प्रवास म्हणायला लागलो.

प्रवासाला थांबे होते. लाँड्रीच्या मागच्या खिडकीतून वाफ येते, ते थंड हवेचं ठिकाण. तिथे धुक्यात हात घालायचा आणि काही दिसत नाही अशी तक्रार करायची. सुताराच्या दारातला भुसा म्हणजे वाळवंट. सुतार भला माणूस, आम्ही आलो की रंधा थांबवून भोंग्याला विचारायचा, उंट कुठे बांधलास. बर्फाच्या कारखान्यात दुपारी लाद्या गाडीत चढवतात, तेव्हा दार उघडं असतं. तिथे उंबऱ्यावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, अंगावर काटा येऊ द्यायचा. हाकलेपर्यंत ते हिमशिखर. मग उतार. उतारावर मी बॅगेमागून धावायचे आणि कान चाकाकडे. गल्लीतली बाकीची पोरंही रांग लावायला लागली. मी मात्र वजनाला मुंगीच घ्यायचे. क्वचित भोंगा. बाकीच्यांनी आपापल्या बहिणी शोधाव्यात.

मामा कुरकुरायचा. दुकान आहे की गाडीचा डेपो, म्हणायचा. एकदा तर म्हणाला, बॅग गिऱ्हाइकाची आहे, तुझ्या बापाची नाही. मग स्वतःच जीभ चावली आणि मला उगाच चहा पाजला.

आईचा फोन आला की मी ढिगाकडे जायचे. म्हातारी हलत नाही, आई हलू शकत नाही. आत आले की मुंगी काही विचारायची नाही. हातातलं काम सोडून मी तिला म्हणायचे, चल, एक चाक तपासायचंय.

दात पडला तो वाळवंटात, भुशामध्ये. चाळून चाळून सापडला. काडेपेटीत कापूस, कापसावर दात. मुंगी ती उशाखाली घेऊन झोपायला लागली.

मग ती हिरवी बॅग आली. चांगली मोठी, कडक पाठीची, एक चाक तुटलेलं. मालकीणबाई गॉगल डोक्यावर चढवून उभ्या, सोबत त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. मामाने सहज विचारलं, तर त्यांनी आई राहते त्याच गावाचं नाव घेतलं. माझ्या हातातला पाना तिथेच थांबला. मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “दर वेळी काय तोच समुद्र.”

त्याच्या कानाखाली द्यावी असं फार वाटलं. पण गिऱ्हाईक. मी जुना रिव्हेट कापला, नवीन चाक बसवलं, अस्तर एका कोपऱ्यात सुटलं होतं तेही शिवून टाकलं, न सांगता. ती बॅग उघडी पडलेली होती माझ्यासमोर. आतून नव्यासारखा वास येत होता. गुडघे पोटाशी घेतले असते तर मी मावले असते. मामा समोर नसता तर बसूनही बघितलं असतं. बाईंना सांगावं का, की तिथे माझी आई आहे, एवढा निरोप द्या? तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या विचारतील तिथे काय करते, मग चेहरा मऊ करतील, आणि तो मऊ चेहरा मला सहन होत नाही. मी बॅग बंद केली. मुंगीला बसवून टाकीपर्यंत नेली, परत आणली. चाक लोण्यासारखं फिरत होतं. संध्याकाळी बाई येऊन घेऊन गेल्या.

त्यानंतर एका सकाळी अंथरूण झटकताना लक्षात आलं, काडेपेटी नाही. मी अख्खी खोली उलटी केली. भोंग्याला धरलं, कारण त्याला काड्यांचा किल्ला बांधायचा होता आणि काडेपेट्यांवर त्याचाच डोळा असायचा. त्याने शपथ घेतली, माझा विश्वास बसला नाही, मी त्याचा कान पिळला, तो त्याच्या नावाला जागला. मुंगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

“त्याने नाही घेतली,” ती म्हणाली. “मी पाठवली.”

कुठे पाठवली, कुणाबरोबर, मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. हिरव्या बॅगेबरोबर. बाजूचा छोटा कप्पा असतो ना, त्यात. टाकीजवळ मी पाणी प्यायला गेले होते तेव्हा. बॅग आईच्याच गावाला चालली होती, मग.

मी भडकले. म्हटलं, अक्कल कुठे गहाण टाकलीस, ते गाव म्हणजे काय आपली गल्ली आहे, तिथे हजार घरं असतील, ती बाई कशाला कप्पे तपासत आईला शोधत फिरेल. आणि काय घाई होती? आई आल्यावर तिच्या हातात द्यायचा होता ना?

“आई नाही येणार,” मुंगी म्हणाली.

भोंगा रडायचा थांबला.

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. माझा आवाज एकदम खाली आला होता. मामाने सांगितलं असेल तर आज त्याची खैर नाही, असं मनात चाललेलं.

“कुणी नाही. तू फोनवर बोलून आलीस की मला लांब फिरवतेस. उतार दोनदा देतेस.” जिभेने ती दाताची रिकामी जागा चाचपत होती. “आई येणार असती तर तू सांगितलं असतंस ना पळत येऊन.”

मला वाटायचं सगळं मीच बघते. कुणाची चेन खोटी, कुणाचं हसू खोटं, दारातूनच ओळखते. आणि ही एवढीशी, बॅगेवर पाठमोरी बसून, रस्ताभर मला वाचत होती. भोंग्याने विचारलं खरंच का ताई, मी हो म्हटलं. म्हातारीचं, हाडाचं, सगळं सांगितलं. तो परत रडला, पण या वेळी आवाज न करता, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. त्याच्या लाल कानावर मी हात ठेवला. त्याने झटकला. मग थोड्या वेळाने झटकला नाही.

त्या दिवशी प्रवास झाला नाही. दुसऱ्या दिवशी मुंगीच येऊन विचारायला लागली, आज एकही चाक नाही का.

हिरवी बॅग परत आली तेव्हा सुट्टी सरत आली होती. बाई तावातावाने आल्या, चाक अडकतंय, काम कच्चं केलंत म्हणाल्या. मामा माझ्याकडे बघायला लागला. मी बॅग उलटी केली आणि चाकाच्या घरात चिमटा घातला. वाळू. अख्खं घर वाळूने ठासून भरलेलं. बाईंना दाखवलं, तेव्हा त्या जरा नरमल्या, मुलाने किनाऱ्यावर ओढत नेली म्हणाल्या, आणि ठेवून गेल्या.

त्या गेल्यावर मी बाजूचा कप्पा उघडला. काडेपेटी तिथेच होती. कापूस होता, दात होता. कुणी हातही लावला नव्हता.

क्षणभर वाटलं, खिशात टाकावी. मुंगीला म्हणावं, पोचला दात, आईला फार आवडला. सोपं होतं. पण तिच्यापुढे माझं काय चालतं ते मी बघितलं होतं. मी हाक मारली आणि पेटी तिच्या हातावर ठेवली.

“आईने परत पाठवला?”

“नाही. कप्प्यातच राहिला. तिथे गेला आणि तसाच आला.”

तिने पेटी कानाशी धरून हलवली. विचार करताना ती खालचा ओठ बाहेर काढते, अगदी आईसारखा. मग म्हणाली, “मग पुढच्या बॅगेत ठेवू.”

वाळू मी टाकली नाही. चाकाच्या घरातून चिमट्याने सगळी काढली, ब्रशने उरलेली झाडली, एका ताटलीत घेतली. मूठभरही नव्हती. तिघं ताटलीभोवती बसलो. भोंग्याने बोट घालून चाटलं, खारट आहे म्हणाला, आणि थुंकला नाही. मुंगीने चप्पल काढून अंगठा त्यात रोवला आणि डोळे मिटून बसली. मला उगाच वाटत राहिलं, म्हातारीला ढकलखुर्चीत घेऊन आई किनाऱ्यावर जात असेल का. या वाळूवरून चालली असेल का.

मी चाक पुसलं, तेल सोडलं, बॅग उभी केली. सवयीने मुंगीला म्हटलं, बस.

“तू बस,” ती म्हणाली.

मी म्हटलं, वेडी आहेस का, माझ्या वजनाने चाक जाईल. आत शिवत बसलेला मामा मान वर न करता म्हणाला, “गेलं तर बसवू. तेवढ्याचसाठी तपासायचं असतं.”

मग बसले. अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदा. पाय कुठे ठेवायचे कळेना. भोंगा पुढून ओढत होता, मुंगी मागून माझ्या पाठीला डोकं लावून ढकलत होती. बॅग जागची हलेना. मग हलली. वीतभर, मग हातभर.

“कुठे जायचं?” भोंग्याने ओरडून विचारलं. सुतार रंधा थांबवून बघायला लागला.

मी त्या गावाचं नाव घेतलं. मोठ्याने, पहिल्यांदाच. आणि चढ सुरू झाला तशी मान खाली घातली, चाकाचा आवाज ऐकायचा असतो म्हणून.