रिकाम्या तक्रारी

नव्या डेटाबेसमध्ये सगळ्या लिपी चालतील अशी सोय करून तिने एंटर दाबलं आणि जुन्या तक्रारी आत भरायला घेतल्या. पाणीपुरवठा कंपनीचं तक्रारींचं सॉफ्टवेअर सहा वर्षं एका तकलादू फाइलवर चाललं होतं. रोज दुपारी मान टाकायचं. त्यामागे नीट डेटाबेस बसवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. फाइलमधल्या मजकुरावर तिचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून मजकूर ती तक्रारदारांच्या मूळ मेलमधून घेत होती, बाकीचे रकाने फाइलमधून.

दुपारी तीनला पंपवाल्या काकांची चौकशी होती. मोटर जळली, अर्धं शहर दोन दिवस कोरडं राहिलं, आणि काकांनी आधी कळवलंच नाही असा ठपका होता. काकांचा एकच धोशा, तीनदा कळवलं. साहेब म्हणत, म्हातारा थापा मारतोय. एकोणतीस वर्षांची नोकरी आज जाणार, हे ऑफिसात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

भरणं संपल्यावर तिने सहज काकांचं नाव टाकून पाहिलं. तीन ओळी आल्या. जुन्या सॉफ्टवेअरला फक्त इंग्रजी अक्षरं कळायची; काका देवनागरीत लिहीत, तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. आता अक्षरं दिसत होती. मोटर फार तापते, कुणीतरी येऊन बघा. दुसऱ्यांदा तेच. तिसरी तक्रार मोटर जळायच्या आदल्या दिवशीची होती: ताई, जळका वास येतोय, माणूस पाठवा.

तक्रार बंद करणाऱ्याच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी तिचंच नाव होतं. कारण: मजकूर नाही. तेव्हा आलेल्या तक्रारी तीच बघायची. काकांचं बोट कीबोर्डवर अडकलंय वाटतं, असं ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली होती आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

छापायला तिने तारीख, पाठवणारा आणि मजकूर एवढंच मागितलं. काकांचं तेवढ्यात भागलं असतं. मग कर्सर मागे नेऊन तिने आणखी एक रकाना घातला.

काका चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. त्यांनी कागद लांब धरून सावकाश वाचला.

"हे शेवटचं नाव कुणाचं?"

"माझं, काका."

काकांनी चष्मा काढला.

"म्हणजे पोचल्या होत्या," ते म्हणाले.