सात, अकरा, तेरा

"शंभरातून सात वजा करा, आजोबा. उरेल त्यातून पुन्हा सात. असंच पुढे."

"त्र्याण्णव," बाबा म्हणाले. "एकतीस त्रिक त्र्याण्णव. मग शहाऐंशी. त्रेचाळीस दुणे शहाऐंशी. मग एकोणऐंशी..." इथे त्यांनी बोट वर केलं. "ही एकटी. हिला हात लावायचा नाही."

"पुढे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पुढे कशाला? चांगली बसलीय बिचारी."

मला फिस्सकन हसू आलं. बाई काही हसल्या नाहीत. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

बाबांनी जन्मभर कारखान्यात पाण्याच्या मीटरांवर नंबर ठोकले. हात कामात, डोकं रिकामं, आणि रिकामं डोकं त्यांना मुळीच मानवत नसे. म्हणून ठोकलेला प्रत्येक आकडा ते मनात फोडत बसायचे. भाग देत जायचं, आणि शेवटी जी कशानेच फुटत नाही ती 'एकटी'. तिला मूळ संख्या म्हणतात हे मला शाळेत कळलं. घरी येऊन ऐट मारली तर म्हणाले, "दीडशहाणे, नाव कळलं, आता ओळख करून घे." तेव्हापासून मी दीडशहाणीच.

हल्ली मात्र ते मला अहो-जाहो करतात. चहा दिला की म्हणतात, "आभारी आहे हो, बाई." जीव नुसता तुटतो. आजार बरा होणार नाही, हे मला कळत होतं. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'दीडशहाणे' ऐकायचं होतं, बस्स.

बाहेर बाकावर बसलो. खिडकीचा पडदा फुगत होता, मिटत होता, आणि फरशीवरचं ऊन पाण्यासारखं हलत होतं. बाबांची बोटं गुडघ्यावर ठोकत होती. कुठला तरी नंबर चालू होता.

"बाबा, आपल्या जिन्याखालचा मीटर आठवतो? तुम्हीच ठोकलेला. तीन लाख सत्तेचाळीस हजार तीनशे सत्तेचाळीस."

बोटं थांबली. "जोडीची आहे. तीनशे सत्तेचाळीस दोनदा. अशी कुठलीही घ्या, तिच्या पोटात सात, अकरा, तेरा असणारच."

"का पण?" लहानपणी विचारायची तसंच मी विचारलं.

"अहो, एकदा हजारपट आणि एकदा नुसती. झाली हजार एक पट. आणि सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार हजार एकच की!"

"मग उरलं काय?"

"तीनशे सत्तेचाळीस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. "एकटी!"

बाबा वळले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुम्हालाही येतं?" ते हरखून म्हणाले. "माझ्या मुलीलाही येतं हो. भारी दीडशहाणी आहे. येईलच आता मला न्यायला."

"हो. निघालीय ती," मी म्हणाले. डोळे दिसू नयेत म्हणून खाली वाकले आणि त्यांच्या बुटाची नाडी बांधत बसले.

वर पाहिलं, तर बाबा एका कडेला सरकले होते आणि तिच्यासाठी बाकाची फळी रुमालाने पुसत होते.