पैलतीरावरचे पप्पा

माझी धाकटी बहीण सिउ-लान एकोणिसाव्या वर्षी गायिका व्हायला तैपेईला निघाली, तेव्हा पप्पा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई लहानपणीच गेलेली. आमच्या सिबू गावातलं नूडल्सचं दुकान आम्ही तिघांनी मिळून चालवायचं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण निघायच्या सकाळी ते धक्क्यावर आले. बोट नदीच्या वळणाआड जाईपर्यंत हात वर करून उभे राहिले. मी शेजारीच होते. हात भरून आला असेल, पण खाली घेतला नाही.

त्यावरच तिनं बापाला उद्देशून गाणं लिहिलं, 'पैलतीर'. तू तिकडे उभा, मी वाहत चाललेय, तुझा हात दिसेनासा होतोय, एवढंच. कंपनीनं तिला यू-शान हे नाव दिलं, आठ वर्षांचा करार केला आणि पहिल्याच अल्बममध्ये ते गाणं घेतलं. टीव्हीवरच्या पहिल्या मुलाखतीत निवेदिकेनं आवाज खाली आणून विचारलं, "वडील कधी गेले तुझे?"

सिउ-लान मान खाली घालून रडायला लागली.

"ताई, शप्पथ, मला घरची आठवण आली होती," ती नंतर मला फोनवर म्हणाली. "दोन महिने आपल्या बोलीत कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. 'अहो, आहेत ते' म्हणायला तोंड उघडलं, तोवर सगळे टाळ्या वाजवायला लागले."

दुसऱ्या दिवशी पेपरांत छापून आलं: दिवंगत पित्याला लेकीची सुरांची श्रद्धांजली. तिनं घाबरून आपल्या मॅनेजर फांगबाईंना खरं सांगितलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. तिला गरम सोयादूध पाजलं आणि म्हणाल्या, "आता बोललीस तर लोक म्हणतील, पोरीनं नाव काढायला जित्या बापाला मारलं. जरा दम धर. लोक विसरतात."

लोक विसरले नाहीत. ते गाणं सिंगापूरला वाजलं, पेनांगला वाजलं, आमच्या सिबूत तर प्रेतयात्रेतले बँडवालेही वाजवायला लागले.

पप्पांनी ती बातमी समोरच्या कॉफीच्या दुकानात वाचली. मित्र टपलेलेच होते.

"काय तिओंग, मेलेल्या माणसाला कॉफी चालते का हो?"

"काळी चालते," पप्पा म्हणाले. "आणि मेला तो यू-शानचा बाप. मी सिउ-लानचा."

सगळे खो-खो हसले. पप्पाही हसले. पण त्या आठवड्यापासून ते घरीच कॉफी प्यायला लागले.

पुढे तैपेईहून एक कॅमेरावाला आला. पप्पा चुलीपाशी नूडल्स उकळत होते. त्यानं विचारलं, "अंकल, तुम्ही यू-शानचे कोण?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातीचा कांदा चिरत राहिले.

"काका," पप्पा म्हणाले. "तिचा बाप माझा थोरला भाऊ. भला माणूस. जरा तापट होता."

जाताना त्या कॅमेरावाल्यानं पप्पांचे दोन्ही हात धरून त्यांचं सांत्वन केलं. तो गेल्यावर पप्पांनी भिंतीवरचा आमचा फोटो काढून माडीवर नेला. गावानंही तोंडाला कुलूप लावलं. गावच्या पोरीचं नाव झालं होतं ना! प्रेमानं लावलेलं कुलूप, पण आत आम्हीच होतो.

सिउ-लान वर्षातून एकदा, नवीन वर्षाला, तोंड झाकून यायची आणि माडीवरच जेवायची. एकदा पप्पांसमोर हुंदके देत म्हणाली, "पप्पा, प्रत्येक कार्यक्रमात शेवटी तेच गाणं. मी तुम्हाला रोज पुरते हो. सांगून टाकू का सगळ्यांना?"

"जेव आधी," पप्पा म्हणाले. "करार संपू दे. तेवढ्यात मी काय मरतोय?"

सहाव्या वर्षी, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, ते चुलीपाशी कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे पेपरात निधनाची सूचना देतात आणि खाली मुलांची नावं छापतात. मी पेपरच्या कचेरीच्या दारातून तिला फोन लावला. ती कार्यक्रमासाठी नटत होती. बातमी आधीच कळलेली; आवाज पार बसला होता.

"तुझं नाव घालू ना?" मी विचारलं.

मग म्हणाली, "ताई... नको."

मी कन्या म्हणून एकच नाव दिलं. माझं.

तिसऱ्या दिवशी अंत्यविधीला ती आली. काळा चष्मा लावून, लांबच्या नातेवाइकांच्या मागच्या रांगेत उभी राहिली. पुरोहितानं पुकारलं, "कन्येनं पुढे यावं." मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. प्रेतयात्रा निघाली आणि बँडवाल्यांनी, नेहमीच्या सवयीनं, 'पैलतीर' धरलं. तेव्हा मात्र मी वळले. सिउ-लान रस्त्यात थांबली होती. एक अनोळखी आजीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होत्या, "नको गं बाई रडू इतकी. कोण लागत होते तुझे?"

"काका," सिउ-लान म्हणाली.

करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तैपेईत पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "म्हणजे गाणं खोटं होतं?"

"गाणं खरं होतं," ती म्हणाली. "खोटी मी होते."

लोकांनी तिला उभी-आडवी सोलली. ठरलेले कार्यक्रम गेले. काहींना तर वाटलं, हीच नवी जाहिरात आहे. ती सिबूला परत आली. आता माडीवर बसून दुसऱ्यांसाठी गाणी लिहिते. स्वतः गात नाही. दुपारी दुकानात येऊन माझ्याबरोबर पातीचा कांदा चिरते.

परवा चिरता चिरताच म्हणाली, "ताई, तू त्या दिवशी माझं न ऐकता नाव घालून टाकायचंस."

"तूच नको म्हणालीस."

"लहानपणापासून मी नको म्हटलेलं तू कधी ऐकलंस? नेमकं तेव्हाच ऐकलंस."

मी कांद्याची पुढची जुडी ओढली. खरं तर कचेरीच्या दारात तिचं 'नको' ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. सहा वर्षं पप्पांची लेक म्हणून मी एकटीच राबले होते. ते एकुलतं एक नाव लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.